साडेबारा लिटरचा रविवार

मुलीला लातूरला क्लासला ठेवलं त्या दिवशी हॉस्टेलच्या जिन्यात तिनं एकच विचारलं, "पप्पा, दर रविवारी येणार ना?" मी हो म्हणालो. आकडेमोड न करता मी दिलेला हा बहुधा पहिलाच शब्द असेल.

त्याच सुमारास आम्ही नांदेडला हायब्रिड गाडी घेतली होती. पेट्रोलचं इंजिन आणि जोडीला बॅटरीवर चालणारी मोटार. तिच्यासाठी घरात नियम ठरला होता: महिन्याला पन्नास लिटर, वर थेंब नाही. नियम मीच केलेला. ऑफिसला मी स्कूटरवर जातो, त्यामुळे पन्नास लिटर पुष्कळ झाले असं मला वाटलं होतं.

मुलीला शब्द दिल्यावर मी कागद घेऊन बसलो. लातूरला जाऊन-येऊन, गावातलं फिरणं धरून, दोनशे नव्वद किलोमीटर. चार रविवारांचे अकराशे साठ. पन्नास लिटरमध्ये ते बसवायचे तर एका फेरीला साडेबारा लिटर, म्हणजे लिटरला तेवीस पॉइंट दोन. पाच रविवारांच्या महिन्याचं नंतर बघू. गाडीच्या माहितीपत्रकातला आकडा याहून बराच वर होता, म्हणून मी निर्धास्त होतो.

मोजायची माझी पद्धत साधी. निघताना टाकी भरायची, परतल्यावर त्याच पंपावर, त्याच मशीनवर पुन्हा भरायची. नळीनं पहिल्यांदा खट्‌ केलं की थांबायचं. पंपावरच्या मिशाळ गृहस्थांना हे पटायचं नाही. आमच्याकडे टाकी भरताना गाडी गदागदा हलवतात, हवा निघून आणखी थोडं मावतं म्हणून.

"साहेब, हलवू का? अजून अर्धा लिटर जातंय बघा."

"हात लावू नका गाडीला!"

"लई जपून राहिले तुम्ही. नवी नवरी हाय का?"

पहिल्या रविवारी पंधरा पॉइंट चार लिटर लागलं. दुसऱ्या रविवारी पंधरा पॉइंट एक. तिसऱ्या रविवारी चाकांतली हवा तपासली, डिकीतलं सामान काढलं, एसी बंद ठेवून बायकोला घामाघूम केलं, तरी पंधरा पॉइंट तीन. लिटरला एकोणीसच्या आसपास. महिन्याचे चार लिटर आणि काही थेंब उरले. तेवढ्यात फार तर अर्ध्या वाटेवरचं अहमदपूर गाठता आलं असतं.

"पन्नासात तीनच रविवार बसतात," बायको म्हणाली. "चौथा सोडायचा की नियम मोडायचा, ते तुम्ही बघा."

"एसटीनं जाऊ."

"माझी कंबर एसटीत बसायची राहिली का आता? अन्‌ जाऊन-येऊन दिवस जातो, पोरीशी बोलणार कधी?"

मी नियम मोडला नाही. मुलीला फोन करून सांगितलं, या रविवारी जमत नाही. ती "बरं" म्हणाली. भांडली असती तर बरं झालं असतं. ही पोर घरी भाजीत मीठ कमी पडलं तरी पाच मिनिटं वाद घालायची. लातूरला गेल्यापासून भेटीतही ती हो, नाही, बरं एवढंच बोलत होती. बायको गाडीत डबा उघडून बसायची, पोर मुकाट खायची आणि घड्याळ बघायची.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही पोचलो तेव्हा क्लास सुटत होते. एका रस्त्यावर एवढी मुलं की गाडी पावलापावलानं सरकत होती. आम्हा दोघांच्या मध्ये समोर जो पडदा आहे, त्यावर सरासरीचा आकडा बदलतो. इंजिन बंद, गाडी बॅटरीवर, आणि आकडा वाढतोय! मी ओरडलोच, "अगं बघ, गर्दीत ॲव्हरेज वाढतंय!"

"रस्ता तुंबला म्हणून खूश होणारा माणूस पहिल्यांदाच बघून राहिले मी," बायको म्हणाली.

हॉस्टेलपाशी बायको मागे गेली आणि मुलगी पुढच्या सीटवर येऊन बसली. मी अजून आकड्याबद्दलच बोलत होतो. गावात वाढतो, मग हायवेवर का पडतो? तिनं पडद्यावर बोट लावलं आणि चाकं, बॅटरी, इंजिन यांच्यातले बाण दाखवणारं चित्र उघडलं. पुलाचा उतार आला. मी नेहमीप्रमाणे गिअरचा दांडा न्यूट्रलवर टाकला.

"पप्पा! काय केलं तुम्ही आत्ता?"

"उतार आहे ना. पेट्रोल वाचतं."

ही सवय तीस वर्षांची. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर मी कॉलेजातला मुलगा, औशाच्या पुढच्या गावांना धान्य-घोंगड्या नेणाऱ्या जीपवर होतो. चालक एक चाचा होते. डिझेल मिळायची मारामार. त्यांनी मला त्याच रस्त्यावर गाडी शिकवली. "उतार पे इंजन कू आराम दे, बेटा," म्हणायचे. तेव्हापासून उतार आला, गाव आलं, गतिरोधक दिसला की माझा हात आपोआप न्यूट्रलवर जातो.

"बाण गेला बघा!" मुलगी म्हणाली. "चाकाकडून बॅटरीकडे जाणारा बाण. न्यूट्रलला बॅटरी चार्जच होत नाही. परत चढा पूल."

पूल आम्ही चार वेळा चढलो-उतरलो. गिअरमध्ये पाय उचलला की बाण यायचा, न्यूट्रल टाकला की नाहीसा. पोरगी सीटवर उलटी वळून आईला गतिज ऊर्जा समजावत होती. "उतारावर गाडी फुकटची वीज बनवते गं आई, अन्‌ पप्पा ती सांडत आलेत. नांदेडपासून इथपर्यंत! प्रत्येक गतिरोधकाला!"

"मला वाटलंच," आई म्हणाली. तिला काहीच वाटलं नव्हतं.

मी हरलो होतो आणि मला हसू आवरत नव्हतं. पोरगी दीड तास बोलत होती. निघताना तिनं बजावलं, "दांड्याला हात लावायचा नाही. टाकी भरली की मला सांगा."

त्या दिवशी जाताना जुनी सवय, येताना नवी शिस्त. तेरा पॉइंट सहा लागलं. पुढच्या रविवारी दोन्ही बाजूंनी हात आवरला. वेग आधीही ऐंशीच होता, तो तसाच ठेवला, नाहीतर कशानं फरक पडला ते कळलं नसतं. लोह्याच्या अलीकडे हात दोनदा दांड्याकडे गेला आणि दोन्ही वेळा बायकोनं त्यावर चापट मारली.

संध्याकाळी नांदेडला पंपावर मी मशीनच्या आकड्यांपुढे उभा राहिलो. अकरा. अकरा पॉइंट सहा. बारा. खट्‌. बारा पॉइंट एक!

"हलवू का साहेब?"

मी त्यांच्याशी हात मिळवला. त्यांना कारण कळलं नाही. पंपाबाहेर पडून गाडी बाजूला घेतली आणि फोन लावला. "बारा पॉइंट एक! लिटरला जवळजवळ चोवीस! आता याच हिशेबानं पुढचे दोन रविवार धरले तर महिना एकोणपन्नास पॉइंट नऊमध्ये बसतो. चारही रविवार पक्के!"

"सांगितलं होतं ना!" ती किंचाळली. मग म्हणाली, "पण पप्पा, पुढच्या रविवारी टेस्ट आहे. मधे अर्धाच तास मिळेल. तरी याल?"

"येणार म्हणजे येणार."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. "अर्ध्या तासासाठी साडेबारा लिटर?"

"बारा पॉइंट एक," मी म्हणालो.