पहिले चिठ्ठी, मग पाणी

बाटलीवाले काका चहाचा पहिला घोट घेऊन तो कोणत्या गावच्या पाण्याचा आहे ते सांगत. अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यात पाण्याची चव दर दोन कोसांवर बदलते आणि पाहुण्यालाही खारट चहाच मिळतो. त्यात कुणाला काही वाटत नाही. काका डोळे मिटत, गाव सांगत आणि मी टाळी वाजवली की लगेच बजावत, "हे तुह्या पिच्चरमंधी टाकू नको. जीभ म्हंजे काई मशीन नोहे."

मी अमरावतीची, राजापेठेत एका ट्यूशन क्लासच्या वरच्या खोलीत माहितीपट बनवणारी. काका पाण्याचे नमुने गोळा करण्याच्या सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, पण बाटल्यांची पिशवी खांद्यावर कायम. नव्या गावात लोक त्या पिशवीकडे आशेनं बघत आणि आत नुसतं पाणी आहे हे कळल्यावर हिरमुसत. बाटली त्याच विहिरीच्या पाण्यानं तीनदा विसळायची, मग भरायची. पण त्याच्याही आधी चिठ्ठी चिकटवायची: गाव, विहीर, तारीख, जवळ कोण उभं होतं. "पयले चिठ्ठी, मंग पानी," हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

बाटली आधी भरली तर काय बिघडतं, असं मी एकदा विचारलं. नोकरीच्या सुरुवातीला एसटी सुटत होती म्हणून काकांनी दोन गावांच्या बाटल्या घाईघाईत भरल्या आणि चिठ्ठ्या गाडीत बसून लावल्या. अदलाबदल झाली. चांगल्या विहिरीवर 'पिण्यास अयोग्य' अशी पाटी लागली आणि दुसऱ्या गावचे लोक वाईट पाणी बिनघोर पीत राहिले. चूक कुणाच्या लक्षात आली नव्हती. काका आपणहून दोन्ही गावांत जाऊन सांगून आले. "बायाईनं अशा शिव्या देल्ल्या का आजबी पाठ हायेत," असं ते हसत म्हणाले, पण तो विषय पुन्हा त्यांनी कधी काढला नाही.

आमची ओळख झाली ती पूर्णाकाठच्या एका गावात. तिथं गॅस शोधणाऱ्या एका कंपनीनं खोल बोअर मारले होते. खोदकामाचं गढूळ पाणी साठवायचा खड्डा फुटला, ते नाल्यात उतरलं आणि गुरं नाल्याला तोंड लावेनात. खड्डा पक्का करून द्या आणि नाला साफ करा, एवढंच गावाचं म्हणणं. जनसुनावणीत माझा माहितीपट दाखवायचा ठरला होता. त्यातच त्या गावात मला एक हापशी सापडली. तिच्या तोंडाशी पेटती काडी धरली की भप्पकन निळा जाळ! मी हरखले. तो जाळ कंपनीचाच प्रताप समजून माहितीपटात अगदी सुरुवातीलाच टाकला.

काकांना खोलीवर बोलावून दाखवलं. त्यांनी विचारलं, "ह्याची चिठ्ठी कुठं हाये? हा जाळ कवापासून हाये, हे कोनाले इचारलं तू?"

मी कुणालाच विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते जुन्या चिठ्ठ्यांचा बिस्किटाचा डबा घेऊन आले. एकीवर तेच गाव, तीच हापशी. 'बुडबुडे येतात. काडी लावली, जाळ दिसला.' खाली काकांची सही आणि तारीख, कंपनी येण्याच्या कितीतरी वर्षं आधीची.

मी चिडले. "काका, नाल्याची वाट कंपनीनंच लावली ना? मग या एका जाळानं काय बिघडते?"

"नाल्याचं खरं हाये म्हनूनच सांगून राहिलो, पोरी. खऱ्याले खोट्याची काठी काहून देतं? काठी मोडली का दोघंबी पडतीन."

चार दिवस मी तो जाळ होता तिथंच ठेवला. मग निमूटपणे जाळाचं दृश्य मागे नेलं आणि त्याला काकांची चिठ्ठी आणि त्यांचं बोलणं जोडलं. ते बघून गावचे सरपंच रागावले. "ताई, तुमी आमच्या बाजूनं हा का कंपनीच्या?"

सुनावणीत कंपनीचे साहेब आधीच उठले. हे लोक पेटत्या हापशीचे व्हिडिओ दाखवून घाबरवतात, तो जाळ जुनाच आहे, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. हातात जाडजूड फाईल. मग माहितीपट सुरू झाला आणि पडद्यावर काकांनीच सांगितलं, "हापशीचा जाळ जुना हाये. त्याचा कंपनीशी संबंध नाई." त्यानंतर त्यांनी दोन बाटल्या उचलल्या: खड्ड्याच्या वरच्या अंगाचं नाल्याचं पाणी नितळ, खालच्या अंगाचं गढूळ. दोन्हींवर चिठ्ठ्या. साहेबांच्या फाईलमध्ये त्याला उत्तर म्हणून एकही ओळ नव्हती. खड्डा पक्का झाला, नालाही उपसला गेला. सरपंचांनी काकांना बोलावून चहा पाजला आणि काकांनी घोट घेऊन मुद्दाम दुसऱ्याच गावाचं नाव सांगितलं.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. मला फार एकटं वाटलं. तेराव्यानंतर काकूंनी एक बाटली माझ्या हातात दिली. रिकामी, कोरडी, पण चिठ्ठी लावलेली. तोच नाला, खड्ड्याच्या खालचं अंग. वर्षभरानं पाणी परत बघायचं, असं काका म्हणत असत. तारखेची जागा कोरी होती. जवळ कोण उभं होतं, त्यापुढे त्यांच्या अक्षरात माझं नाव होतं.

दुसऱ्या दिवशी मी नाल्यावर गेले. तारीख लिहिली, बाटली तीनदा विसळली, मग भरली. पाणी नितळ दिसत होतं. सरपंचांनी विचारलं, "काय ताई, साफ हाये ना?"

मी म्हटलं, "रिपोर्ट येऊ द्या."