रुसलेल्या मामाचा आकडा

माझा भाऊ प्रज्योत उरणजवळच्या एका कंटेनर यार्डाच्या गेटवर दिवसभर कंटेनरचे नंबर टिपतो आणि घरी आला की व्हिडिओ गेम बनवतो. एखाद्याला आकड्यांचा वीट आला असता. याला नाही.

त्याच्या गेमचं नाव 'रुसवा'. आगरी घरात हळद आहे, खेळणारा म्हणजे नवरीचा भाऊ, आणि रुसलेल्या पाहुण्यांची समजूत काढून त्यांना मांडवात आणायचं. प्रत्येकाच्या डोक्यावर रागाचा आकडा तरंगतो. मटणाचं ताट वाढलं की दहानं उतरतो, फेटा बांधला की विसानं. शिवाय प्रत्येकाची एक गोष्ट आहे, प्रज्योतनं जीव ओतून लिहिलेली.

आमच्या चुलतभावानं, विपुलनं, चहा संपायच्या आत गेम जिंकला.

"आत्याचं रडणं वाचलंस ना?" प्रज्योतनं आशेनं विचारलं.

"वाचू कशाला? आकडा उतरत होता ना!"

प्रज्योतचं तोंड एवढंसं झालं. त्यानं तिरीमिरीत सगळे आकडे काढून टाकले आणि मोबाइल आईच्या हातात दिला. आई गेममधल्या त्या रुसलेल्या आत्याजवळ बसली ती बसलीच. डोळे काय पुसते, मोबाइलशी काय बोलते! तिकडे बाकीचे पाहुणे चिडून निघून गेले आणि खेळ संपला.

"ते चिडलेत हे मना कोनी सांगितलंच न्हाय!" आई उलट त्याच्यावरच उखडली.

आकडे ठेवले तर गोष्ट कुणी ऐकत नाही, काढले तर खेळणारा चाचपडतो. या पेचात साहेब इतके बुडाले की माझं लग्न तोंडावर आलंय याचंही भान नाही. आमच्यात मामाला आमंत्रणाची अक्षत घरी जाऊन द्यायची असते. ते काम प्रज्योतकडे होतं. या शहाण्यानं बुधाजीमामाला मोबाइलवर कार्ड पाठवलं. खाली हात जोडल्याचं चित्र!

मामाचा निरोप आला, लग्नाला येणार नाही. मामा पाठीशी नसताना मी बोहल्यावर उभी राहू? मी घर डोक्यावर घेतलं. हळदीच्या सकाळी "नवरीनं बाहेर पडू नये" म्हणणाऱ्यांना लांबूनच हात जोडले, प्रज्योतच्या स्कूटरवर मागे बसले आणि मिठागराच्या बांधावरून थेट मामाचं घर गाठलं.

मामा ओटीवर भिंतीकडे तोंड करून बसला होता. प्रज्योतनं पेढे पुढे केले आणि मामाच्या डोक्याच्या वर पाहिलं. फेटा ठेवला, परत वर पाहिलं. मामीची साडी ठेवली, पुन्हा वर.

"माझे डोक्यावर काय बघतंस रं?" मामा कडाडला. "पाल हाय का?"

मला हसू आवरेना. मामा आणखीच भडकला.

"राग किती उतरला ते बघत होतो, मामा," प्रज्योत खरं बोलून गेला, आणि मग सगळा गेम सांगावाच लागला.

"माझा किती धरलास?"

"शंभर."

"शंभर? पाचशे लाव!"

मग प्रज्योत जमिनीवर बसला आणि इतक्या वेळात पहिल्यांदा त्यानं विचारलं, "पण मामा, राग कसला?"

मामानं पुढ्यातला फेटा बाजूला सरकवला. मग म्हणाला, "कार्डाचा न्हाय रं. तू येशील म्हणून मी ओटीवर खुर्ची मांडलेली. कार्ड आलं. मग माझी मीच उचलली."

 मी रडलेच. मामा उठला, आतून खुर्ची आणली, प्रज्योतला तिच्यावर बसवलं आणि हात पुढे केला, "दे आता अक्षत. आनि तुझे पाठीशी मीच गो, प्राप्ती. दुसरा कोनी उभा राहिला त बघ!"

त्या रात्री हळदीत मामा असा नाचला की बँजोवाले दमले.

आता गेममध्ये आकडे परत आले आहेत, पण पाहुण्याजवळ बसलं तरच दिसतात. विपुल म्हणतो, फार सावकाश चालतो. परवा मामानं स्वतः खेळायला घेतला आणि गेममधल्या रुसलेल्या म्हाताऱ्याजवळ जाऊन बसला. बघता बघता आकडा शून्यावर आला.

"मामा, राग उतरला त्याचा," प्रज्योत म्हणाला. "उठा आता, पुढचा पाहुणा घ्या."

"थांब रं," मामा मोबाइलवरची नजर न काढता म्हणाला. "त्याचं बोलून झालं न्हाय अजून."