सात वाजता तुटणारी लाइन

ज्या माणसाबद्दल मी लिहितो आहे, त्याचं नाव इथे देणार नाही. ते मी एकदा कागदावर लिहिलं होतं, शुद्ध भाषेत, समास सोडून, आणि त्यामुळे त्याचं काम गेलं. चूक त्याची नव्हती, माझी होती. हे आधीच सांगून टाकतो. पुढे जिथे जिथे मी चिडलो असं येईल, तिथे माझ्या बाजूने चिडू नका.

तो टेलिफोनचा लाइनमन. सायकलवरून न उतरता आमच्या फाटकाशी थांबायचा, एक पाय नालीवरच्या फरशीवर टेकवायचा आणि रस्त्यावरूनच विचारायचा, "दिवा ठरला काय, सर?" मोडेमवर एक हिरवा दिवा असतो. तो लुकलुकत राहिला म्हणजे इंटरनेट गेलं, स्थिर झाला म्हणजे आलं. मी "ठरला" म्हटलं की तो पुढे जायचा. "नाही" म्हटलं की तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा नालीत थुंकायचा, बाटलीतल्या पाण्याने चूळ भरायचा आणि मगच आत यायचा. तोंडात खर्रा ठेवून तो आमच्या घरात एकदाही आला नाही.

आमचं गाव गडचांदूरच्या पुढे. सिमेंटचे ट्रक दिवसभर जातात, त्यामुळे झाडाच्या पानापासून टेलिफोनच्या खांबावरच्या डबीपर्यंत सगळ्यांवर राखाडी थर. त्या डब्या पुसणं, तुटलेल्या वायरी जोडणं, माकडांनी ओढलेल्या पुन्हा ताणणं हे त्याचं काम. कमरेला तपासणीचा फोन लटकवलेला, खांद्यावर बांबूची शिडी. तो फोन वायरीला लावून डोळे मिटून ऐकायचा. "हे पाणी आहे, सर. जॉइंटात पाणी शिरलं." किंवा, "हा गंज. पाण्याचा आवाज वेगळा, गंजाचा वेगळा." एकदा म्हणाला, "हे काईच नाई. पाटलाच्या सुनेनं फोन नीट ठेवला नाई. भाजी फोडणीले टाकून राह्यली, आयकू येते." मी हसलो. त्या घरी जाऊन पाहिलं तर खरंच रिसीव्हर उलटा पडला होता.

सोळा वर्षं तो रोजंदारीवर होता. कायम होण्याची यादी निघणार, असं दरवर्षी सांगायचे, आणि दरवर्षी तो आम्हाला सांगायचा. त्या वर्षी मात्र यादीत त्याचं नाव खरोखर लागलं होतं. "आता फक्त साहेबाची सही राह्यली, सर. मग पाहा. युनिफॉर्म भेटते मले." माझी बायको म्हणाली, "भाऊ, मग पेढे आणा." तो म्हणाला, "बाई, पेढे काय, तुमच्या घरची लाइनच अशी करून देतो का दिवा हालायचा नाई."

आमची लाइन मात्र हलत होती.

ब्रॉडबँड घेणारा मी गावातला तिसरा. मुलगा बारावीला होता, पुढचे प्रवेशाचे फॉर्म इंटरनेटवर भरायचे होते. जोडणी विकायला आलेल्या माणसाने छातीठोक सांगितलं होतं, फोनवर बोला आणि त्याच वेळी नेट चालवा, एकाचा दुसऱ्याला त्रास नाही. त्याने आमच्या फोनला एक छोटी पांढरी डबी लावून दिली, आणि खरंच, फोनवर बोलताना नेट जात नव्हतं. ते एरवीच जायचं. दिवसा एक पान उघडायला इतका वेळ लागायचा की मी तोवर वह्यांचा गठ्ठा तपासून काढायचो. आणि संध्याकाळी सातच्या सुमारास दिवा लुकलुकायला लागायचा तो अर्धा-पाऊण तास.

मी तक्रार केंद्राला फोन करायचो. तिथली बाई सांगायची, मोडेम बंद करून चालू करा. मी करायचो. ती म्हणायची, आता पाहा. मी पाहायचो. एकदा मी त्या मोडेमवर इतक्या जोरात थाप मारली की बायको स्वयंपाकघरातून धावत आली. "वर्गात पोरांना मारत नाही आणि डब्याला मारता?" म्हणाली.

या दिवसांत तो आमच्याकडे नऊ-दहा वेळा तरी आला. खांबापासून घरापर्यंतची सगळी वायर बदलली. वरचा जॉइंट पुन्हा बांधला, त्यावर रबरी पट्टी गुंडाळली. आणि तिसऱ्या की चौथ्या खेपेला अंगणात उभं राहून विचारलं, "सर, लाइनवर दुसरं काई लटकवलेलं नाई ना?"

इथे मला थांबून एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या मागच्या घरात माझा धाकटा भाऊ राहतो. या प्रसंगाच्या चार वर्षं आधी त्याने स्वतःचा फोन बंद केला तेव्हा आम्ही माझ्याच फोनवरून एक वायर काढली, न्हाणीच्या झरोक्यातून, पेरूच्या झाडावरून, त्याच्या घरात. तिकडे एक जुना फोन जोडला. हे नियमात बसत नाही, कळलं तर कनेक्शन कापतात, असं कोणीतरी सांगितलं होतं. त्यामुळे घरात सगळ्यांना माहीत आणि बाहेर कोणाला नाही, अशी ती वायर होती.

मला वाटलं, हा मला पकडायला विचारतो आहे.

"नाही," मी म्हणालो.

"पाहा बरं. जुना एखादा डब्बा, मागं कुठी वायर..."

"नाही म्हटलं ना."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. "बरं. सर नाई म्हणते तर नाई," म्हणाला आणि पुन्हा शिडी घेऊन खांबावर चढला. मुलगा बाजूच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसला होता.

पुढच्या खेपेला तो मुद्दाम सातला आला. दिवा लुकलुकायला लागला तसा मोडेमसमोर उकिडवा बसून राहिला. "सातलेच काऊन जाते, सर? लाइनले घड्याळ समजते काय?"

"ते मला विचारता?" मी ओरडलो. "काम तुमचं आहे. तुम्ही सांगायचं."

मागच्या घरातून भावजयीचं हसणं ऐकू येत होतं. ती रोज त्या वेळी फोनवर वरोऱ्याला आईशी बोलायची. त्याने मान वळवून तिकडे कान दिला, उठला, चपला घातल्या आणि काही न बोलता गेला. मला तो उद्धटपणा वाटला.

फॉर्मच्या शेवटच्या आठवड्यात मुलगा रोज शिकवणीहून येऊन बसायचा. मुदत संपायच्या आदल्या संध्याकाळी शेवटच्या पानावर पोचला आणि दिवा लुकलुकायला लागला. सगळं भरलेलं पुसलं गेलं. त्याने खुर्ची लाथेने ढकलली आणि बाहेर निघून गेला. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने आम्ही चंद्रपूरला गेलो, एका कॅफेत बसलो, आणि अकरा वाजेपर्यंत फॉर्म भरून झाला. म्हणजे आमचं काहीही बिघडलं नव्हतं. परत येताना बसमध्ये मुलगा झोपला होता आणि मी मनात वाक्यं जुळवत होतो.

गावातले अर्ज मी लिहितो. रेशनकार्डाचा असो, विहिरीचा असो, लोक माझ्याकडे येतात, कारण माझ्या अर्जाला साहेब लोक उत्तर देतात. तुमच्याही गावात असा एखादा मास्तर असेल. त्याच्यापासून जपून राहा. मी लिहिलं: सदर कर्मचारी वारंवार सूचना देऊनही कामात कुचराई करतो, तोंडात खर्रा ठेवून ग्राहकांशी असभ्यपणे बोलतो, आणि हेतुपुरस्सर दोष दूर करीत नाही. खाली नऊ जणांच्या सह्या घेतल्या. त्यातल्या सात जणांकडे ब्रॉडबँड नव्हतं. एकाकडे तर फोनच नव्हता. "सर, तुम्ही लिहिलं म्हणजे बरोबरच असंल," असं म्हणून त्याने सही केली. मला ते ऐकून बरं वाटलं, ही गोष्ट आज आठवली तरी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तीन आठवड्यांनी तो आला. शिडी नव्हती, कमरेला फोन नव्हता. सायकल भिंतीला लावून उभा राहिला.

"सर, साहेबानं तुमची चिठ्ठी वाचून दाखवली मले. चांगली लिहिली. एक शब्द समजला नाई. हेतुपुरस्सर म्हणजे काय जी?"

मी म्हणालो, "मुद्दाम."

"मुद्दाम," तो म्हणाला. "असं होय." मग सायकल घेऊन गेला.

यादीतून त्याचं नाव कापलं आणि रोजंदारीही बंद केली, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं.

आमच्या लाइनसाठी जिल्ह्याच्या ठिकाणाहून एक इंजिनिअर आला. त्याने यंत्र लावलं, घराभोवती एक फेरी मारली आणि दहा मिनिटांत पेरूच्या झाडाखाली उभं राहून विचारलं, "ही वायर कुठे जाते?" मी भावाच्या घराकडे बोट दाखवलं. तो रागावला नाही, हसला. म्हणाला, तुमच्या फोनला आहे तशी पांढरी डबी त्या फोनला नाही, म्हणून तिकडे कोणी रिसीव्हर उचलला की तुमचं नेट तुटतं. एवढंच. खिशातून एक डबी काढून त्याने भावाच्या फोनला लावली. मग विचारलं, "आधीच्या लाइनमनने तुम्हाला दुसऱ्या फोनबद्दल विचारलं नव्हतं का?"

"नाही," मी म्हणालो.

हे दुसरं खोटं. पहिलं मी घाबरून बोललो असं म्हणता येईल. दुसऱ्याला मला काहीच म्हणता येत नाही.

त्या संध्याकाळी सात वाजले, भावजय हसत होती, आणि दिवा जागचा हलला नाही. दोन वर्षं नेट उत्तम चाललं. पान झटकन उघडलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बायकोला कळायचं नाही. "आता तर चांगलं चालतं ना, मग चिडता कशावर?" ती विचारायची.

मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना सुट्टीत घरी आला. काकाकडे जेवायला गेला आणि परत येऊन माझ्यासमोर बसला.

"बाबा, काकाच्या फोनला ती डबी कधी लावली?"

मी सांगितलं.

"म्हणजे त्या लाइनमनकाकांना काढल्यावर." तो म्हणाला. "त्यांनी तुम्हाला विचारलं होतं, दुसरं काही लटकवलं आहे का. मी आत बसलो होतो. तुम्ही नाही म्हणालात. मीही बाहेर येऊन काही बोललो नाही."

माझ्या मुलाने दोन वर्षं माझं खोटं सांभाळलं होतं. त्या दिवशी मी दुसरं पत्र लिहिलं. दोष माझ्या घरात होता, सदर कर्मचाऱ्याने विचारले असता मी असत्य सांगितले, माझी तक्रार खोटी होती. ते टेलिफोन ऑफिसात दिलं. कारकुनाने शिक्का मारला आणि म्हणाला, "सर, ती यादी कधीच बंद झाली. आता याचं काय करू?" फायलीला लावा, मी म्हणालो. फायलीला तरी खरं राहू द्या.

तो धानोऱ्याला सासुरवाडीच्या गावी राहायला गेला होता. पत्ता काढून मी तिथे गेलो. बसस्टँडमागे त्याचं टपरीएवढं दुकान होतं. मिक्सर, टॉर्च, पंपाचे स्टार्टर दुरुस्त करायचा. आजूबाजूच्या जंगलातल्या गावांतून लोक टोपल्यांत मोहफुलं घेऊन बाजाराला आले होते, त्यांतल्या एका म्हाताऱ्याचा रेडिओ त्याच्यासमोर उघडा पडला होता. मला पाहून त्याने स्टूल पुढे सरकवलं. "सर? इथी कसे?" चेहऱ्यावर ना आनंद, ना राग.

मी पत्राची नक्कल काढली आणि वाचायला लागलो. तो रेडिओतला स्क्रू फिरवत राहिला. संपलं तेव्हा म्हणाला, "मले काऊन वाचून दाखवून राह्यले, सर? मले तर माहीत आहे. पहिल्याच दिवशी पाह्यली होती मी ती वायर, झाडावरची."

"मग साहेबांना का सांगितलं नाही?"

आता त्याने स्क्रू खाली ठेवला. "सांगतलं ना. साहेब म्हणे, नऊ लोकायच्या सह्या आहेत, लिहिणारा मास्तर आहे, तू खोटं बोलून राह्यला. तुम्ही हो म्हटलं असतं तर दोन मिनिटाचं काम होतं. डबी लावून देलो असतो, कोणाले सांगतलं नसतं. मले तुमच्या तोंडून पाह्यजे होतं. घरमालक नाई म्हणत असन तर मी झाडावर चढून त्याची वायर कापू काय?" त्याचा आवाज चढला तसा म्हातारा मागे सरकला. "सोळा वर्षं, सर."

मी म्हणालो, "मी काय करू, सांगा."

"इथी काई नका करू. इथी मले कोणी चोर म्हणत नाई. त्या नऊ जणायले वाचून दाखवा. ते अजून म्हणतात ना, तो मुद्दाम करे."

त्याने रेडिओ पुन्हा समोर ओढला. चहाला विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

पुढच्या रविवारी मी नऊही जणांना शाळेच्या व्हरांड्यात बोलावलं. त्यालाही पोस्टकार्ड टाकलं होतं; तो आला नाही. आठ जण आले. भाऊ आणि भावजय आले, मुलगा दाराशी उभा राहिला. पत्र खिशात होतं, पण त्यातली भाषा मला त्या दिवशी नको होती. एकजण सुरुवातीलाच म्हणाला, "जाऊ द्या ना सर, झालं गेलं. आता काऊन उकरता?" मी त्याला बसायला सांगितलं. मग मी त्या माणसाचं नाव घेतलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, आणि म्हणालो:

"त्याने मला विचारलं होतं आणि मी खोटं बोललो. वायर माझी होती. त्याने काम नीट केलं होतं. तुमच्या सह्या मी फसवून घेतल्या आणि त्याची सोळा वर्षं मातीत घातली. तो इथे नाही, तरी त्याची माफी मागतो. तुम्हाला कोणी त्याच्याबद्दल विचारलं, तर माझं नाव सांगा."