जुलाबावरचं औषध

भावाला जळगावच्या एका छोट्या दवाखान्यात ठेवायचं ठरलं तेव्हा मी यादी केली. दोन चादरी, जुने टॉवेल, लिंबं, साखर, मीठ. त्याखाली दुसरी यादी, कोणाला काय सांगायचं याची. ट्रकमालक, शेजारी, नातेवाईक, सगळ्यांना एकच उत्तर: जुलाब लागलेत, दहा-बारा दिवस लागतील.

अगदीच खोटं नव्हतं ते. ट्रक चालवताना आग्रा रोडवरच्या ढाब्यांवर चहाबरोबर अफू घ्यायची त्याला सवय लागली होती. ती तोडली की सुरुवातीला जुलाब, अंगदुखी, नाकाडोळ्यांतून पाणी, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. आमच्या धुळ्यात कोणीतरी पाहील म्हणून जळगाव निवडलं. भावाला मात्र एकच घोर.

"अक्का, मालकानं गाडी दुसऱ्याला दिली तर?"

"आधी पाण्याचा पेला न सांडता धरून दाखव, मग स्टेअरिंगचं बघू."

चौथ्या दिवशी साक्रीहून आत्या आली. धुळ्याला बस बदलून, भाकरीचं गाठोडं सांभाळत. बसली, पाणी प्यायली आणि पदराची गाठ सोडून एक डबी काढली.

"हाई जायफयसंगे घशी दे. तू धाकली व्हती तवय तुले भी देयेल शे. बठ्ठा जुलाब बंद."

डबीत हरभऱ्याएवढी काळी गोळी होती. पोट बिघडलं की आमच्याकडच्या जुन्या बायका अफूचा कण देत, हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरी जुलाब हेच कारण मी सगळीकडे कळवून बसले होते.

मी हात पुढे करेपर्यंत भावानं डबी उचलली. झाकण उघडून वास घेतला. घामानं त्याचा बनियन भिजला होता. मग झाकण लावून त्यानं डबी आत्याच्या मांडीवर ठेवली.

"फुई, मन्हा आजार हाऊच शे."

आत्या डबी गाठीत बांधत माझ्यावर घसरली. "मंग पह्यले सांगता नही उनं तुले? दोन यष्ट्या बदलीसन उनू मी."

"अक्का," भाऊ भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "तिला त्या डबीसकट आत्ताच स्टँडवर सोडून ये. आणि जाताना बाहेरून कडी लाव."

मी कडी लावली. तासाभरानं परतले. तो दाराशीच बसला असावा.

"बस गेली?" आतून आवाज आला.

"गेली."

"मग उघड."