दिवाळीपर्यंत थांबायचं का

जळगावात रेल्वे लाइनीच्या पलीकडे आमची वस्ती. तिथल्या विहाराला लागून एक खोली होती, तिला सगळे अभ्यासिका म्हणत. घरात बसायला कोपरा मिळत नसे अशा मुलांसाठी वडीलधाऱ्यांनी ती बांधून घेतली होती. त्या खोलीत एक कॉम्प्युटर होता, आणि तो बदलायचा की थांबायचं हे एका उन्हाळ्यात मला विचारलं गेलं. त्याआधी मला कुणी कशाबद्दलच असं विचारलं नव्हतं.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. वस्तीतून कॉम्प्युटर हा विषय घेतलेलीही पहिलीच. त्यामुळे कुणाचा रेडिओ खरखरला, कुणाच्या घड्याळाची वेळ लागेना, की लोक माझ्याकडे यायचे. मला त्यातलं काही येत नसे. 'बघते' म्हणायचे आणि खरंच बराच वेळ बघत बसायचे.

अभ्यासिकेतला कॉम्प्युटर एका बँकेने मोडीत काढलेला होता. तो आबांनी मिळवला होता. आबा म्हणजे आमच्या समितीचे अध्यक्ष. भुसावळला इंजिनांच्या शेडमध्ये फिटर म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली होती. तो जड, पिवळट डबा त्यांनी रिक्षात मांडीवर धरून आणला होता. एका बाजूला पोचा होता आणि वर बँकेने पांढऱ्या रंगाने घातलेला नंबर. बटण दाबलं की पडद्यावर हिरवे आकडे सावकाश मोजले जायचे, मग फ्लॉपीची घरघर, मग ती काढून दुसरी घालायची. तोवर मुलं समोरच्या टपरीवर चहा पिऊन यायची. टपरीवाले भाऊ साक्रीकडचे. ते आमच्या खिडकीकडे बघून ओरडायचे, "चालू व्हयना का तुमना डबा? मंग मी आधन ठेवस!"

त्या वर्षी जयंतीच्या वर्गणीतून नवा कॉम्प्युटर घ्यायचा असं बैठकीत निघालं. आबा म्हणाले, "आपल्यात कॉम्प्युटर शिकणारी एकच आहे. तिलाच विचारा."

मी आठवडाभर तयारी केली. कॉलेजातल्या सरांना विचारलं, लायब्ररीतली मासिकं वाचली. सगळीकडे एकच होतं. नवी, फार वेगवान चिप येते आहे. ती आली की आजच्या मशिनच्या किमती उतरतील. आज घेणं म्हणजे लवकरच जुनं होणारं घेणं. मी बैठकीत उभी राहिले आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाले, "दिवाळीपर्यंत थांबावं. रंगीत पडद्याचा, चांगला मिळेल."

कुणी वाद घातला नाही. "पोरगी म्हणते तर थांबू," एवढंच झालं. घरी येऊन आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती, थांबली. "तुझं ऐकलं त्यांनी?" तिने विचारलं. हो म्हटल्यावर पुन्हा विचारलं, "आबांनीसुद्धा?"

खरं सांगायचं तर थांबण्यात माझाही फायदा होता. कॉलेजच्या लॅबमध्ये एका मशिनवर आम्ही तिघी बसायचो आणि माझा हात कीबोर्डपर्यंत पोचेतो तास संपायचा. अभ्यासिकेत चांगला कॉम्प्युटर आला तर तिसऱ्या वर्षाचा प्रोजेक्ट मी तिथे करू शकणार होते. तो रंगीत पडदा मी मनातल्या मनात टेबलावर ठेवूनही पाहिला होता.

पण नंतर थोड्याच दिवसांत ताईला धुळ्याहून पत्र आलं. ताई म्हणजे अंगणवाडीवाल्या अक्कांची मुलगी. माझ्याहून मोठी. लहानपणी शाळेत जाताना रूळ ओलांडायचे तर माझा हात तीच धरायची. बारावीनंतर तिने मराठी-इंग्रजी दोन्ही टायपिंग केलं होतं आणि एका वकिलांकडे टाइप करायला जायची. धुळ्याच्या एका सहकारी संस्थेत कॉम्प्युटर ऑपरेटर घ्यायचे होते, त्याच्या परीक्षेचं ते बोलावणं होतं. परीक्षा मे महिन्यात. पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नव्हतं.

ती संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसली. "त्यांच्याकडे विंडोज आहे म्हणे," ती म्हणाली. "साबणाच्या वडीएवढं काहीतरी हातात धरून फिरवायचं. परीक्षा त्याच्यावरच."

"माउस," मी म्हणाले.

"तेच. आपल्या बँकवाल्यावर चालतो का तो?"

"चालतो म्हणायचा. पण विंडोज त्याला झेपणार नाही."

तिने पत्राची घडी घातली. मग म्हणाली, "आणि आपलं दिवाळीपर्यंत थांबायचं ठरलंय ना? बरोबर आहे. तू विचार करूनच बोलली असशील."

तिने टोमणा मारला असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. पण तिचा खरंच माझ्यावर विश्वास होता. त्या दिवसापासून मला मासिकातलं काही वाचवेना. येणाऱ्या चिपबद्दल जे मी वाचलं होतं ते सगळं खरंच होतं. पण किंमत कधी उतरेल एवढंच मी पाहिलं होतं. कॉम्प्युटर कुणाला आणि कधी लागणार आहे, हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

मी आबांना घेऊन कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दुकानदार सगळा वेळ आबांशीच बोलत होता, मी प्रश्न विचारला तरी उत्तर आबांना द्यायचा. मी विचारलं, "पूर्ण नवा नको. हाच डबा, हाच पडदा ठेवून आतला मदरबोर्ड बदलला, रॅम वाढवली आणि हार्ड डिस्क बसवली, तर विंडोज चालेल का?"

"चालेल. पळेल," तो आबांना म्हणाला. "पण काका, माझं ऐकाल तर यात पैसे घालू नका. दिवाळीला सरळ नवा घ्या. शहाणपणाचं तेच."

बाहेर आल्यावर आबांनी विचारलं, "तो म्हणतो ते खरं का?"

"खरं आहे," मी म्हणाले. "आता हे केलं तर दिवाळीला नवा घेता येणार नाही. पुढची काही वर्षं याच्यावरच काढावी लागतील."

"मग?"

"तरीही करावं असं मला वाटतं."

"तुला वाटतं तर मला नको सांगू," आबा म्हणाले. "बैठकीत सांग."

दुसऱ्यांदा उभं राहणं पहिल्यापेक्षा फार अवघड होतं. मी बोलायला लागले आणि मागून टपरीवाल्या भाऊंचा आवाज आला. ते टपरी सोडून दर बैठकीला यायचे. "मागला महिनामा म्हने थांबा, आते म्हने ल्या! कॉलेजमा हाईच शिकाडतस का?" सगळे हसले.

मी म्हणाले, "मागच्या वेळी सांगितलं ते चूक नव्हतं. दिवाळीला चांगला कॉम्प्युटर येईल, आणि त्याच्या पुढच्या दिवाळीला त्याहून चांगला येईल. पण ताईची परीक्षा मे महिन्यात आहे. तिला तेवढेच दिवस आहेत."

तेवढ्यात अक्का उठल्या. त्या बायकांच्या रांगेत भिंतीला टेकून बसल्या होत्या. "माझ्या पोरीसाठी वस्तीच्या वर्गणीला हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "उद्या कुणी म्हणेल, अक्काने पोरीचं करून घेतलं. आम्हाला नको तसली नोकरी."

मी आबांकडे पाहिलं. आबा अक्कांना म्हणाले, "ही खोली बांधताना विटा कुणी उचलल्या?"

"बायांनी. माहीत आहे मला."

"कशाला उचलल्या? पोरं इथं बसून परीक्षा देतील म्हणूनच ना? मग ही परीक्षा देतेय. तुझी म्हणून नाही, खोलीची म्हणून देतेय."

अक्का बसल्या. डोक्यावरचा पदर त्यांनी उगीचच पुन्हा सारखा केला. पैशाला हात लावायचा नाही असं मग त्या पुन्हा म्हणाल्या नाहीत.

बोर्ड दुकानदाराने बसवला. मी शेजारी उभी राहून पाहिलं आणि झाकणाचे स्क्रू मात्र मी आवळले. निघताना आबांनी जुना बोर्ड मागून घेतला. "काढलेला पार्ट आपण सोडत नाही," ते म्हणाले. दुकानदाराने तो वर्तमानपत्रात गुंडाळून दिला, तोही आबांनाच.

जयंतीच्या आदल्या संध्याकाळी अभ्यासिकेत कॉम्प्युटर ठेवला. बायकांनी झेंडूच्या माळा लावल्या होत्या. विहारात मेणबत्त्या लावून झाल्यावर सगळे इकडे आले. पोरं खिडकीच्या गजांना लटकली होती. आबांनी वरची चादर काढली.

तोच पिवळट डबा. तोच पोचा. बँकेचा तोच पांढरा नंबर.

मी इतके दिवस आतल्या बोर्डाचाच विचार करत होते. लोक डबाच बघणार, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. माळा हातात घेऊन उभ्या असलेल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी भाऊच पुढे झाले. त्यांनी डब्याभोवती एक फेरी मारली आणि शेजारच्या माउसकडे बोट दाखवत म्हणाले, "हाऊ ते तोच शे! बठ्ठं तेच शे. नवं काय आनं? हाई साबननी वडी?"

या वेळी हसू फुटलं ते मोठं होतं. माझे वडील दाराशी उभे होते, जिनिंग मिलमधून परस्पर आलेले, केसांत कापसाचे तंतू. ते हसत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांनी काही विचारण्याआधी मला काहीतरी बोलायला हवं होतं.

आबांनी पिशवीतून वर्तमानपत्राची घडी काढली, उलगडली आणि जुना बोर्ड वर धरला. "भुसावळला गाडीचं इंजिन बदलायचं," ते म्हणाले, "तेव्हा एका तरी पॅसिंजरने डबा बदलून मागितला का रे? खिडकीतून चहा प्यायचे आणि पुढे जायचे. हे आपलं जुनं इंजिन. नवं आत आहे. पोरीने उभं राहून बसवून घेतलंय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चल, सोड गाडी."

मी बटण दाबलं. आकडे सर्रकन गेले. कुणी चहा प्यायला बाहेर पडलं नाही, कारण कुणी दारापर्यंत पोचायच्या आत पडद्यावर चौकटी आल्या होत्या. मी ताईला खुर्चीत बसवलं. तिने माउसवर हात ठेवला, तो टेबलाच्या कडेवरून खाली गेला, तिने उचलून परत ठेवला. बाण पडद्यावर सरकला. कुणीतरी मागे म्हणालं, "आयला, हालला!" आणि झेंडूची पहिली माळ अक्कांनी घातली, कॉम्प्युटरला नाही, आबांच्या हातातल्या त्या जुन्या बोर्डाला. का ते मी त्यांना कधी विचारलं नाही.

वडील घरी जाताना वाटेत फक्त एवढं म्हणाले, "स्क्रू तू आवळले का?"

"हो."

"सगळे?"

"सगळे."

दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत त्यांनी ओळखीच्या तिघा-चौघांना थांबवून ते सांगितलं, आणि प्रत्येक वेळी मला जवळ बोलावून सांगितलं.

ताई रोज वकिलांकडचं काम संपवून यायची. मला येत होतं ते मी तिला शिकवलं. बाकीचं आम्ही दोघींनी चुकत-माकत शोधलं. भाऊ खिडकीशी येऊन तक्रार करायचे, "मना धंदा बसाडा तुम्ही. आते कोनी चहाले बाहेरच येत नही." ही तक्रार ते गिऱ्हाइकांनाही ऐकवायचे, आणि ऐकवताना आमच्या खिडकीकडे बोट दाखवायचे.

परीक्षेच्या दिवशी मी ताईबरोबर धुळ्याला गेले. पहाटेची एसटी. पारोळ्यापर्यंत ती मांडीवर टाइप केल्यासारखी बोटं हलवत बसली होती. मी ऑफिसच्या बाहेर कडुलिंबाखाली थांबले. आत जाणारी बाकीची मुलं-मुली पाहून मला वाटत होतं की यांच्या घरी कॉम्प्युटर असतील, यांना सगळं येत असेल.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून मला काही कळेना. मी विचारलं, "काय झालं? नाही जमलं?"

"जमलं गं," ती म्हणाली. कपाळाला आठी होती. "पण त्यांचं मशिन किती मंद! माउस इथं फिरवायचा आणि बाण मागून निवांत यायचा. माझं टाइप करून व्हायचं आणि मी बसून राहायचे, आपल्या बँकवाल्यापुढे पूर्वी बसायचे तशी. शेवटी साहेबच म्हणाले, तुम्हाला फार घाई दिसते."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, आमच्याकडचा याच्यापेक्षा जलद आहे."

आम्ही दोघी त्या कडुलिंबाखाली इतक्या हसलो की पहारेकरी बघायला आला.

ती नोकरी ताईला लागली. दिवाळीला मी सांगितला होता तसा नवा कॉम्प्युटर बाजारात आला, किंमतही उतरली. तो आम्ही घेतला नाही. तिसऱ्या वर्षाचा प्रोजेक्ट मी बँकवाल्यावरच केला, हिरव्या पडद्यावर. पुढे कित्येक वर्षं अभ्यासिकेत कुणी पाहुणा आला की आबा त्याला तो पोचा आलेला डबा दाखवायचे. पाहुणा नम्रपणे मान हलवायचा. मग आबा आवाज जरा चढवून म्हणायचे, "बाहेरून बघू नका. धुळ्याच्या ऑफिसातल्यापेक्षा जलद आहे. आमची पोरगी स्वतः बघून आली."