बावीस सेट
परवा व्यायामाची नवी चटई उलगडली, रबराचा उग्र वास आला आणि मला चंदीगडची ती तळघरातली जिम आठवली. तेव्हा मुलगा नुकताच हॉस्टेलला गेला होता, नवरा सीमेवरच्या पोस्टिंगवर होता आणि मी क्वार्टरमध्ये एकटीच राहत होते. दंड भरावेत म्हणून रोज संध्याकाळी दोन तास हलके डंबेल उचलायचे आणि वहीत सेट लिहायचे. चार महिने झाले तरी दंड होते तसेच. एक दिवस तिथल्या पंजाबी ट्रेनरबाईंनी माझी वही पाहिली. "दीदी, रोज बाईस सेट? और पसीना भी नहीं?" असं म्हणत त्यांनी दुप्पट वजनाचे डंबेल माझ्या हातात दिले. आठव्या वेळी ते कसेबसे वर गेले, नवव्या वेळी गेलेच नाहीत. "यह हुआ सेट. ऐसे तीन करो, फिर कल आराम. मसल आराम में बनता है जी." मी गडबडले. "इतक्या लवकर घरी जाऊन करू तरी काय?" तोंडातून मराठीच निघालं. त्यांना त्यातलं 'घर' तेवढं कळलं असावं. त्यांनी वही मिटून माझ्या पिशवीत ठेवली. कित्येक आठवड्यांनी त्या दिवशी मी उजेड असताना घराचं कुलूप उघडलं, मुलाच्या खोलीत गेले आणि त्याच्या पलंगावर बसून पोटभर रडले. हिवाळा संपेपर्यंत ब्लाउजच्या बाह्या घट्ट झाल्या. आजही मी आठवड्यातून तीनदाच जिमला जाते, आणि मधल्या दिवसांची आता भीती वाटत नाही.