भागरताचा सातवा तलाव

माझी बायको भागरता एकच दंडार गावोगावी जाऊन पाहायची. दिवाळी झाली की आमच्या एकोडीच्या भागात एकेका गावाची मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईत भरदिवसा दंडार नाचते, नाचगाण्याचं नाटकच ते. तीच गाणी, तीच लढाई, तीच सोंगं. आज आमच्या गावात पाहिली की परवा शेजारच्या गावात. धान कापणीला आलेलं, आणि ही पदर खोचून निघालेली.

"अवो, कालच तर पाहिली!"

"काल ध्यान राजपुत्रावर होतं जी. आज जादूगारावर ठेवीन."

दंडारीचं नाव 'सात तलावाची राणी'. पवनीकडचा डोमाजी शाहीर ती बसवायचा. जादूगारानं राणीला तलावात कोंडलं, धाकटा राजपुत्र तिला शोधतो, काठावरची एक म्हातारी त्याला वाट सांगते, आणि दरसाल एका तलावातून राणीच्या जागी भलतीच बला निघते. पुढचं पुढच्या सालच्या मंडईला. म्हणजे माणसांना वर्षभर टांगून ठेवायचा धंदा. मी एकदाच पाहिली. राणीच्या गालावर दाढीचे खुंट होते. राजपुत्राच्या मुकुटाला चहाच्या पुड्यातली चांदी चिकटवलेली. तलाव म्हणून एक निळं लुगडं अंथरलं होतं. राजपुत्र त्यात बुडाला तेव्हा त्याचे दोन्ही पाय बाहेर. बाया पदर डोळ्याला लावून रडत होत्या. मी घरी येऊन बैलांना पाणी पाजलं.

मंडई संपली तरी हे खूळ संपत नसे. रोवणीत बाया वाकून धानाची रोपं, म्हणजे परे, रोवत, आणि मधोमध भागरता.

"राजपुत्र मासोळी झाला, त मंग बोलला कसा?" एखादी विचारायची.

"मासोळी झालाच नाही वो! जादूगारानं आपले डोळे बांधले." की झाले सगळ्यांचे हात बंद.

मी शेताच्या धुऱ्यावरून ओरडायचो, "हात चालवा! राणी बुडाली त बुडू द्या, इकडं परे सुकून राहिले!"

"तुमची रोवणी दरसाल सारखीच होते जी," ती चिखलातूनच म्हणायची. "तिच्यात पुढं काय होईन, हे कोणाले इचारा लागते?" बाया खदखदा हसायच्या. मजुरी मात्र माझ्याकडून पुरी घ्यायच्या.

एकदा साकोलीच्या बाजारात डोमाजी चहा पिताना हिच्या तावडीत सापडला. "शाहीर, राजपुत्राची अंगठी तिसऱ्या तलावात पडली. मंग पाचव्यात त्याच्या बोटात कशी?" डोमाजीचा कप हातातच राहिला. "ते... पुढं कळंल, बाई," म्हणाला. काय कळणार? तो गडी विसरला होता, तोंडावर लिहिलं होतं त्याच्या. पण हिला ते पटेल तर शपथ. अंगठ्या दोन होत्या, एक जादूगारानं घडवली, असं काय काय जुळवत बसली. शाहिरानं घाण करायची आणि माझ्या बायकोनं ती फुकटात निस्तरायची.

सातव्या तलावाच्या वर्षी पावसाळ्यात तिनं खाट धरली. पोटात गाठ होती. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं मला एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं, घरी न्या, दिवाळी निघणं कठीण आहे. मी तिला काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी पवनीची मोटार धरली आणि डोमाजीला गाठलं. तो म्हणे, शेवट अजून माझ्या सोंगाड्यांनाही सांगितला नाही. मी म्हटलं, "तुह्या शेवटाले काय सोनं लागलं आहे? चाल!"

डोमाजी खाटेजवळ बसला. "बाई, सातवा तलाव ऐकता काय?"

तिनं दोन्ही कानांत बोटं घातली. मग माझ्याकडं पाहिलं. "तुमाले काहून घाई झाली जी? मंडई कुठं पळून जाऊन राहिली?"

मी खाली वाकून खाटेची दोरी ताणायला लागलो. डॉक्टर काय म्हणाला ते तिला तेव्हाच कळलं.

डोमाजीला अंगणात चहा दिला, तर त्या बावळटानं न विचारता मलाच शेवट सांगून टाकला. राणी कोणत्याच तलावात नाही म्हणे. दर तलावाच्या काठावर बसून राजपुत्राला वाट सांगणारी म्हातारी, तीच राणी. इतकी वर्षं माणसं नाचवली ती यासाठी!

आत गेलो तर भागरता म्हणाली, "सांगितलं ना त्यानं तुमाले? आता मी बोलीन, तुमी तोंडावर दिसू देऊ नका. नाही त मंडईत मी काय पाहू?"

तेव्हापासून दररोज तिचा एक अंदाज. मी म्हणायचो, बकवास. ती खूश. "तुमचं तोंड सदाचं एरंडेल पेल्यावाणी. त्याच्यावरून देवालेही काही कळत नाही."

मंडईपर्यंत ती राहिली नाही. जायच्या आदल्या दिवशी सकाळी मात्र तरतरीत होती. मला जवळ बसवलं.

"अजी, राणी तलावात नाहीच. काठावरची म्हातारी आहे ना, वाट सांगणारी? तेच राणी."

हो म्हटलं असतं तर तिची मंडई तिथंच संपली असती.

"छट! एवढी बुढी कायची राणी?" मी म्हटलं. "तुही अक्कल कामातून गेली."

तिनं माझं तोंड नीट न्याहाळलं. मग उशीवर डोकं टेकवलं आणि हसली.

"बरं, मंग हे ऐका," म्हणाली, आणि दुसरं सुरू केलं.